पुतळ्याला हसता येतं का?

बाकू शहरात, जुन्या कोटाजवळच्या एका बागेत एक कवी ब्राँझचा होऊन बसलाय. मिर्झा अलेकबर साबिर. जन्म शमाखीचा, १८६२ चा. पोटासाठी साबण करून विकायचा. घरात आठ मुली, एक मुलगा.

साबिर म्हंजे सबुरीवाला. आपल्या 'सबुरी'चंच भावंड. पण या माणसाच्या कवितेला सबुरी ठाऊक नव्हती. १९०६ साली तिफ्लिसमधून 'मुल्ला नसरुद्दीन' हे टर उडवणारं साप्ताहिक निघालं. त्यात हा टोपणनावांनी लिहायचा. धर्माचे ठेकेदार टपलेले, खरं नाव टाकायची सोय नव्हती.

त्याची रीत बघा. तो शेठला शिव्या देत नाही. शेठच्याच तोंडात शिरून बोलतो. बाकूच्या कामगारांवरच्या कवितेत शेठ हैराण झालाय : हा मजूर स्वतःला माणूस समजायला लागला की काय! वाचणारा कामगार हसतो, आणि हसता हसता त्याला कळतं, हे तर आपल्याबद्दल चाललंय. पाळी करून आलेल्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

१९११ ला साबिर गेला. कवितांचं पुस्तक १९१२ ला निघालं. बायकोनं आणि मित्रांनी काढलं.

१९२० ला तिथं सोव्हिएत सत्ता आली. १९२२ ला साबिरचा पुतळा उभा राहिला. १९५८ ला तो काढून आजचा ब्राँझचा बसवला.

आता खरा सवाल. टर उडवणाऱ्याचा पुतळा सरकार का उभारतं? मेलेला कवी मेलेल्या शेठला हसतो, त्यात जित्या साहेबाचं काय जातं? याच बाकूत, हा पुतळा उभा असताना, १९३८ साली त्याच सत्तेनं मिकाईल मुश्फिक या कवीला गोळी घातली. वय एकोणतीस. साबिरला चौथरा, मुश्फिकला गोळी. हात एकच.

मग पुतळा फोडावा? नाही. त्या बागेजवळच तेलाच्या शेठनं, मूसा नागियेवनं, मेलेल्या पोराच्या नावानं बांधलेला महाल आहे. शेठ आपल्या पैशानं दगडात राहतो. साबणवाल्याला कोण ठेवणार? ज्यांना गावात उभं राहायला जागा नव्हती, त्यांना चौथऱ्याची किंमत कळते. म्हणून तर आपण वर्गणी काढून बाबासाहेबांचा पुतळा उभारतो. आणि त्याच बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बजावलं होतं, की राजकारणात भक्ती आली की हुकूमशाही फार लांब नसते. ही दोन्ही टोकं आपल्याच छातीत आहेत. एक सोडून दुसरं धरता येत नाही.

मला वाटतं, पुतळ्याचा इमान तपासायची एकच कसोटी आहे. हार घालणाऱ्याला विचारा : आज जो हसतोय, त्याचं तू काय करतोस?

ही कसोटी फक्त सरकारला लावून भागणार नाही. उद्या आपल्याच वस्तीतलं एखादं पोरगं आपल्या पुढाऱ्याला हसलं, आपल्या कमिटीला हसलं, तुम्हाला हसलं, मला हसलं, तर?

त्याला आपण माईक देणार, का मेल्यावर चौथरा?