पुरावा कशाकशाला?

“आता अगदी पूर्वीसारखे दिसता हं!” मेंदूत रक्ताची गुठळी अडकून झटका आला, त्यानंतर हे वाक्य मी फार ऐकलं. लोक मायेनं म्हणतात, तरी ते टोचतं. हात-पाय चालतात, बोलणं परत आलं. पण दोघं एकाच वेळी बोलू लागले की मला एकाचंही कळत नाही. बँकेचं काम करून आलो की उरलेला दिवस अंथरुणात जातो, आणि हा थकवा झोपून जात नाही.

तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं, वेळेत इस्पितळ गाठणं हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. त्यापुढचं कुणी सांगत नाही. एखादी गोष्ट करता येणं वेगळं आणि ती केल्यावर अंगात काही उरणं वेगळं. आपली सगळी मोजमापं पहिल्याची. डॉक्टर हात वर करायला सांगतात, मी करतो. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यानं दिव्यांगत्वाचे प्रकार 7वरून 21 केले; हिमोफिलिया, थॅलेसेमिया, मल्टिपल स्क्लेरोसिस असे चटकन न दिसणारे आजार त्यात आले. हे मोठं काम झालं. पण नोकरीतल्या आरक्षणाला किमान 40 टक्के दिव्यांगत्व लागतं, आणि थकव्याचे टक्के काढणार कसे?

व्हीलचेअरचं ते सर्वत्र दिसणारं चिन्ह सुसान कोफोड या डॅनिश विद्यार्थिनीनं 1968मध्ये काढलं. मूळ चित्रातल्या आकृतीला डोकंच नव्हतं, ते नंतर जोडलं गेलं. माझं सगळं दुखणं डोक्यातच, म्हणून ही हकीकत मनातून जात नाही.

माझे एक स्नेही सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. त्यांचं म्हणणं, “दिव्यांगत्वाचा दाखला मागितला नाही तर उद्या कुणीही येऊन बसेल.” मी कडाडून भांडलो. खोटे दाखले निघतातच. दाखल्यापायी अडतो तो खरा आजारी. पण पेन्शन आणि नोकरीपुरतं त्यांचं बरोबर आहे. तिथे एकानं लुबाडलं तर दुसऱ्याचा घास जातो.

ब्रिटनमध्ये 2016 साली गॅटविक विमानतळावर न दिसणारं अपंगत्व असलेल्यांसाठी सूर्यफुलांची हिरवी फीत सुरू झाली. ती आपल्याकडेही सगळीकडे रुळावी, असं मी कित्येकांना सांगत आलो. लिहिता लिहिता ते मत डळमळलं. फीत रुळली की जो ती घालणार नाही, त्याच्यावर संशय दुप्पट होईल. आजार चारचौघांत मांडायचा की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवावं. आणि बाकावरची जागा, रांगेतली खुर्ची, दोन मिनिटांची उसंत यांना पुरावा हवाच कशाला? फसवले गेलात तर थोडा वेळ उभं राहावं लागेल. अविश्वास दाखवलात आणि समोरचा खरा निघाला, तर तो पुन्हा घराबाहेर पडायला धजणार नाही.

तेव्हा धडधाकट दिसणाऱ्या कुणी बसायला जागा मागितली, तर द्या. कारण विचारू नका.