खाल्ल्या घरचे खांब

दिवाळीपूर्वी घराला रंग द्यायची वेळ आली किंवा घरात लग्न ठरले, की एरंडोल परिसरातील आमच्या कुटुंबांत एक प्रश्न हमखास डोके वर काढतो. बैठकीच्या खोलीत मधोमध उभा असलेला जुना खांब ठेवावा की काढावा? कुणी म्हणते, पाहुण्यांपुढे तो जुनाट दिसतो. कुणी म्हणते, आजोबांनी उभा केलेला खांब काढला तर घराचे घरपणच जाईल. वाद वाढत जातो, दोन्ही बाजू थकतात आणि घरभेटीला आलेल्या धर्मगुरूकडे सारे वळतात, 'फादर, आता तुम्हीच सांगा!' वास्तविक हा प्रश्न सुताराचा आणि गवंड्याचा. परंतु थोडा विचार केला तर त्याच्या पोटात एक नैतिक प्रश्नही दडलेला आहे, असे आम्हांस वाटते. म्हणून त्याची येथे थोड्या विस्ताराने चर्चा करू.

एरंडोल हे अंजनी नदीकाठचे जुने गाव. धुळ्याहून जळगावकडे जाणाऱ्या महामार्गालगत आता नव्या बंगल्यांच्या रांगा दिसतात. पण गावाच्या आत शिरले की धाब्याची घरे अजूनही आढळतात. मराठवाड्यात ज्याला माळवद म्हणतात, त्यालाच खानदेशात धाबे म्हणण्याची रीत आहे. जाड भिंती, सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर लाकडे व फळ्या आणि त्यांवर मातीचा जाड थर, अशी ही रचना. मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळीस अंशांकडे धाव घेतो, तेव्हा डोक्यावरची हीच माती आतल्या माणसांना थंडावा देते. खांब जमिनीत पुरलेला नसतो. तो दगडी तळखड्यावर उभा असतो, त्यामुळे ओल आणि वाळवी लाकडापर्यंत सहजासहजी पोचत नाही. दोन खांबांमधल्या जागेला खण म्हणतात. पूर्वी घराचा आकार चौरस फुटांत नव्हे, तर खणांत सांगत. तीन खणी घर, पाच खणी घर. म्हणजे घराचे मोजमापच मुळी खांबांवरून होत असे.

ज्या घराने आपल्याला जेवू घातले, त्याच घराची उणीदुणी काढत बसणाऱ्याला मराठीत 'खाल्ल्या घरचे वासे मोजणारा' म्हणतात. कृतघ्नपणाला इतका बोलका शब्द दुसरा नसेल. ज्या खांबाला टांगलेल्या कंदिलाच्या उजेडात मुलगा शिकला, तोच खांब आज त्याला टीव्हीच्या आड येतो, हे ऐकून म्हाताऱ्या वडिलांच्या मनात नेमका हाच वाक्प्रचार येतो. त्यांचे दुःख खोटे नाही. परंतु मोजणे हे काही स्वतः पाप नव्हे. पावसाळ्याच्या तोंडावर सुतारही वासे मोजतो. कोणता किडला, कोणता वाकला हे पाहतो. एक जण उणे काढण्यासाठी मोजतो, दुसरा सावरण्यासाठी. म्हणून खांब काढायला निघालेल्या तरुणाला लगेच कृतघ्न ठरवू नये आणि खांबाला मिठी मारून बसलेल्या वृद्धाला लगेच हटवादी म्हणू नये. दोघांनाही आधी एकच गोष्ट विचारावी, 'तुम्ही कशासाठी मोजत आहात?'

दुसऱ्या प्रकारचीही घरे आहेत. कापसाच्या किंवा नोकरीच्या पैशावर पंचवीस-तीस वर्षांपूर्वी बांधलेल्या बंगल्यांत बैठकीची खोली आणि जेवणाची जागा यांच्यामध्ये दोन गोल खांब असतात. त्यांच्या डोक्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसची वळणदार पाने असतात आणि त्यांवर सोनेरी रंग असतो. त्या काळी शेजारीपाजारी ते पाहायला येत. आज त्याच घरातली सून म्हणते, हे आता फारच जुने वाटते. तिचेही खोटे नाही. पण ज्यांना आपण आज 'परंपरेचे' म्हणून मान देतो, ते पेशवाई वाड्यांतले सुरूदार खांब तरी कोठून आले? सुरूच्या झाडाच्या आकाराचे ते खांब उत्तरेकडील दरबारी शैलीतून दक्षिणेत आले. इसवी सन १७३० मध्ये पायाभरणी झालेल्या शनिवारवाड्यातील वैभव १८२८ च्या आगीत जळून गेले. पण त्या घडणीचे खांब महाराष्ट्रातील कितीतरी वाड्यांत पुढेही होत राहिले. तेही एके काळचे नवे फॅशनच होते. तेव्हा 'जुनाट' हा निवाडा डोळ्यांचा आहे, आणि डोळ्यांचा निवाडा दर पंचवीस वर्षांनी फिरतो. केवळ त्यावर विसंबून खांब पाडणे जितके उथळ, तितकेच केवळ त्यावर विसंबून तो पूजणेही उथळ.

मग निवाडा कशावरून करायचा? आमच्या मते तो भारावरून करावा. खांब स्वतःसाठी उभा नसतो. तो दुसऱ्याचे ओझे घेऊन उभा असतो. म्हणून पहिला प्रश्न 'तो कसा दिसतो' हा नसून 'तो काय वाहतो' हा आहे. लाकडी घरात पुष्कळदा दोन तुळयांची टोके मधल्या खांबाच्या डोक्यावरच एकत्र येतात. तो खांब काढला तर दोन्ही तुळया एका बाजूने अधांतरी होतात. समजा, तुळई अखंड आहे. तरीही मधला आधार गेल्यावर दोन टेकूंमधले अंतर दुप्पट होते. दर फुटाला ओझे तेच राहिले, तरी दोन टोकांवर टेकलेल्या तुळईचे अंतर दुप्पट झाले की तिला वाकवणारा जोर चौपट होतो आणि तिला पडणारा झोळ सोळापट होतो. एवढा हिशेब कोणताही स्थापत्य अभियंता कागदावर करून देईल. खांब काढायचाच असेल, तर आधी छताला टेकू द्यावे लागतात आणि पुरेशा जाडीचा लोखंडी गर्डर घालून त्याचा भार नव्या आधारांवर सुरक्षितपणे उतरवावा लागतो. तसे केले तर खांब काढण्यात काहीच गैर नाही. दोष खांब काढण्यात नाही. त्याने घेतलेला भार दुसऱ्या कुणाच्या खांद्यावर न देता तो काढण्यात आहे.

हा भार केवळ आपल्याच डोक्यावरचा असतो असेही नाही. मुंबईत घाटकोपर येथे २५ जुलै २०१७ रोजी 'साई सिद्धी' ही चार मजली इमारत कोसळली आणि १७ माणसे मृत्युमुखी पडली. तळमजल्यावरील शुश्रूषागृहाच्या जागेत फेरफार चालू होते आणि त्यात इमारतीच्या खांबांना धक्का लागला, असा आरोप पुढे आला. न्यायनिवाडा करणे हे आमचे काम नव्हे. पण खाली चाललेल्या कामाची किंमत वर राहणाऱ्यांना मोजावी लागू शकते, हे त्या सकाळी साऱ्या महाराष्ट्राला कळले. 'माझी जागा, माझा पैसा, माझी आवड' ही तिन्ही वाक्ये खरी असली, तरी खांबाजवळ येऊन ती थांबतात. खांब माझ्या खोलीत उभा असेल. त्याच्यावरचे सारे ओझे माझे नसते.

शमशोनाची गोष्ट आपल्या मुलाबाळांनाही ठाऊक आहे. पलिष्ट्यांच्या देवळात त्याला आणले, तेव्हा तो आंधळा होता. छतावर तीन हजार स्त्रीपुरुष बसले होते. ज्यांवर ती इमारत टेकली आहे ते खांब मला चाचपू दे, असे त्याने हात धरणाऱ्या मुलाला सांगितले. त्याला नाशच करायचा होता, म्हणून त्याने आधी विचारून घेतले की भार कशावर आहे. ज्याला घर सजवायचे आहे, त्याने तेवढीही विचारपूस करू नये, हे आश्चर्य नव्हे काय?

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. काही घरांत खांबाचे बूड वाळवीने पोखरलेले असते, टोचले की पिठासारखा भुगा गळतो. तरीही 'बाबांची आठवण' म्हणून त्याला तेलपाणी करून तसाच ठेवलेला असतो. त्याच खांबाखाली नातवंडे झोपतात. ही श्रद्धा नव्हे. पूर्वजांनी तो खांब नातवंडांच्या रक्षणासाठी उभा केला होता. त्याची पूजा करून नातवंडांनाच धोक्यात घालणे हा पूर्वजांचा मान कसा होईल? आणि जो खांब काहीच वाहत नाही, नुसता शोभेचा पोकळ डौल आहे, तो काढताना मनाला टोचणी लावून घेण्याचेही कारण नाही. इंग्लंडमधील विंडसरच्या जुन्या नगरगृहात छताला न टेकणारे खांब आहेत. शिल्पकार क्रिस्टोफर रेनला त्यांची गरज वाटत नव्हती. पण नगरसभासदांना भीती वाटली, म्हणून त्याने खांब उभे केले आणि वर थोडी फट ठेवली, अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, फट मात्र खरी आहे. आपल्याही घरांत, आणि घराच्या रीतिभातींतही, असे काही खांब असतात. ते छत पेलत नाहीत. आपली भीती तेवढी पेलतात.

खांब ठेवणे किंवा पाडणे एवढे दोनच मार्ग आहेत, असेही समजू नये. रोममध्ये संत पेत्राचे जुने मंदिर उतरवून नवे उभारले गेले, तेव्हा जुन्या मंदिरातले पिळाचे संगमरवरी खांब भंगारात गेले नाहीत. त्यांतले आठ आज घुमटाखालच्या चार प्रचंड स्तंभांच्या वरच्या सज्जांत दिसतात. त्यांच्याकडे आता घुमटाचा भार नाही, पण मानाची जागा आहे. आपल्याकडे काय होते? जुने लाकूड विकत घेणारा व्यापारी दारात येतो, सागवान तोलून नेतो, आणि आजोबांचा खांब दूरच्या एखाद्या हॉटेलात शोभेला उभा राहतो. गरजेपायी विकणाऱ्याला आम्ही दोष देत नाही. पण त्याच लाकडाचे घरातल्या देव्हाऱ्याचे टेबल होऊ शकते, दाराची चौकट होऊ शकते, पाळणा होऊ शकतो. विकण्यापूर्वी एवढा विचार तरी घरात बोलून व्हावा. आणि बोलताना जो त्या खांबाला पाठ टेकून बसतो त्या वृद्धालाही विचारावे. त्याचाच शब्द अखेरचा असावा असे नाही. पण त्याला न विचारताच छिन्नी चालू नये.

शेवटी या विषयातली जी गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते, ती सांगतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि हजारो माणसे घरांखाली गाडली गेली. पुढे बावन्न गावे नव्या जागी वसवावी लागली. त्या घरांची रचना आपल्या धाब्यांच्या जवळची होती. पाहणीत असे आढळले की जाड दगडी भिंती ढासळल्या, पण जेथे छत लाकडी खांबांवर उभे होते तेथे अनेक ठिकाणी तो सांगाडा टिकून राहिला. जेथे छत केवळ भिंतींवर टेकले होते, तेथे भिंतीबरोबर तेही खाली आले. आणि खाली आले ते काय? गळती थांबावी म्हणून वर्षानुवर्षे थरावर थर टाकून काही घरांवर दीड-दोन फूट जाड झालेली माती. प्रत्येक पिढीने आपला एक थर टाकला. जुना थर कुणी उतरवला नाही. उरलेली घरे बळकट करण्यासाठी तज्ज्ञांनी जे उपाय सांगितले, त्यांत मातीचा थर कमी करणे, दगडी भिंतीत आरपार दगड बसवणे आणि खांब व तुळई यांच्या कोनात तिरके आधार ठोकणे यांचा समावेश होता. म्हणजे खांब उपटा असे नव्हे, आणि आहे तसेच राहू द्या असेही नव्हे. ओझे हलके करा आणि सांधा पक्का करा.

खांब काढावा की ठेवावा यावर आपण तासन्‌तास वाद घालतो. पण त्याच्या डोक्यावर आपण किती ओझे चढवले आहे, हे पाहायला वर कुणी चढत नाही. माणसांच्या बाबतीतही असेच होते. सोन्याच्या लग्नवाढदिवसाला किंवा अंत्यविधीच्या वेळी आपण म्हणतो, 'ही आमच्या घराचा खांब होती.' म्हणताना डोळे भरून येतात, आणि ते खरेही असतात. पण ती हयात असताना दर वर्षी तिच्यावर एकेक थर चढत गेला. आजारी सासरा, दिराचे शिक्षण, नातवंडांची शाळा, सणावाराचे पाहुणे. कुणालाही खांब म्हणणे सोपे असते, कारण खांब बोलत नाही. तो खचला की आपण म्हणतो, अचानक झाले. अचानक काहीच झालेले नसते. तळखड्याजवळ पहिली भेग केव्हाच पडलेली असते.

म्हणून यंदा रंगाचा डबा उघडण्यापूर्वी, आणि खांबाविषयी घरात मतदान घेण्यापूर्वी, अभियंत्याला किंवा जाणत्या सुताराला बोलवावे. बूड टोचून पाहावे, सांधा पाहावा. आणि त्याच्याबरोबर घरातल्या तरुणाने एकदा धाब्यावर चढून जुनी माती किती साचली आहे ते मोजावे. ती उतरवण्याचे काम खांब काढण्यापेक्षा कष्टाचे आहे आणि पाहुण्यांना ते दिसणारही नाही. तरी सुरुवात तेथूनच करावी.