बाहुलीचे डोळे

दिवाळी जवळ आली की आमच्या चिंचवडात घराघरांतून दोन वास येऊ लागतात: एक चकलीच्या भाजणीचा आणि दुसरा कोऱ्या कापडाचा. गेल्या दिवाळीत आमच्या जिन्यात कोऱ्या कापडाचा वास जरा जास्तच होता, कारण समोरच्या वहिनींनी बाहुल्या शिवून विकण्याचे मनावर घेतले होते. त्या बाहुल्यांनी मला एक प्रश्न घातला. वर्षभर तो माझ्या मागे आहे आणि अजून पुरता सुटला आहे असे म्हणवत नाही. सणाच्या दिवशी वाचकांपुढे कोडी मांडू नयेत हे मला कळते. पण फराळाचे ताट पुढ्यात असले की माणूस जरा सैल मनाने ऐकतो, म्हणून सांगते.

वहिनींची पहिली बाहुली विकण्यासाठी नव्हतीच. त्यांची धाकटी मुलगी तापाने फणफणली होती. तिला रमवायला म्हणून शिंप्याकडच्या चिंध्या, गादीतला कापूस आणि हिरव्या खणाचा तुकडा घेऊन त्यांनी रात्री बसून एक बाहुली शिवली, तिला नऊवारी नेसवली आणि यजमानांच्या जुन्या सदऱ्याची दोन काळी बटणे डोळ्यांच्या जागी लावली. बटणांत दिवा चमकला की बाहुली आपल्याकडेच पाहते आहे असे वाटे. मुलीचा ताप उतरला आणि बाहुली जिनाभर फिरली. प्रत्येक घरातून मागणी आली. वहिनींना पैसे मागण्याचा संकोच. मीच म्हटले, "वहिनी, फुकट द्याल तर घेणारीला उपकाराचे ओझे होईल आणि चौथ्या बाहुलीला तुमचाच हात आखडेल. कापूस, कापड, दोरा आणि तुमचे तास यांचा हिशेब करा." तो त्यांना पटला. किंमत ठरली आणि घरातल्या शिवणाचा व्यवसाय झाला.

मी बालवाडीत शिकवते. माझे शिक्षण मॅट्रिकच्या पुढे गेले नाही, पण चार-दोन कादंबऱ्या माझ्या नावावर आहेत, म्हणून शेजारणी मला लेखिका समजतात. साहजिकच बाहुलीबरोबर देण्याच्या चिठ्ठीवर चार शब्द लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. मी लिहिले, 'आईच्या मायेने शिवलेली घरगुती बाहुली.' या ओळीचा मला तेव्हा अभिमान वाटला होता हे कबूल करते. आमच्याकडे महापालिका पवनाथडी जत्रा भरवते. त्या जत्रेने कितीतरी बचत गटांतल्या बायकांना पहिले अनोळखी गिऱ्हाईक दिले आहे. अशाच एका लहानशा जत्रेत वहिनींनी टेबल मांडले. माझी चिठ्ठी वाचून बायका थबकत, बाहुली छातीशी धरून पाहत आणि पैसे काढत. सगळ्या मिळून सत्तावीस बाहुल्या गेल्या.

पुढे जूनमध्ये शाळा भरली. अडीच-तीन वर्षांची एक मुलगी बाहुली घेऊन येई. एके दिवशी ती नेहमीची बडबड सोडून गप्प बसली होती आणि तिचा एक गाल किंचित फुगला होता. मुलांच्या शिक्षिकेला असे गाल ओळखू येतात. मी तिच्या तोंडात बोट घातले आणि काळे बटण बाहेर काढले. मुलगी रडलीसुद्धा नाही. बाहुली मात्र एका डोळ्याने माझ्याकडे पाहत होती.

ते बटण मी पदराला बांधले. कोणी पाहिले नव्हते. वहिनींनी गणपतीसाठी नव्या चाळीस बाहुल्या तयार केल्या होत्या आणि त्या पैशांवर मुलीच्या शाळेची फी अवलंबून होती. सांगावे तर त्यांचा हुरूप मोडेल. न सांगावे तर त्या चाळीस बाहुल्या माझ्या चार शब्दांवर विकल्या जातील. दोन रात्री मी स्वतःची समजूत घालत होते की मुले काय, चिंचोके आणि खडेही तोंडात घालतात. तिसऱ्या दिवशी बटण वहिनींच्या हातावर ठेवले.

त्यांचा चेहरा उतरला. "ताई, माझी मुलगी याच बाहुलीशी दीड वर्ष खेळतेय. मी दुसऱ्यांच्या मुलांना काही वाईट देईन का?"

या वाक्यात खोटे काहीच नव्हते, आणि माझे कोडे नेमके इथेच सुरू झाले. वहिनींनी आपल्या लेकीला दिलेली बाहुली आणि जत्रेत विकलेली बाहुली यांत टाक्याचाही फरक नव्हता. मग एक निर्धोक आणि दुसरी धोक्याची कशी? पुष्कळ विचार केल्यावर मला वाटले ते असे: लेक खेळत असताना वहिनी पोळ्या लाटता लाटता मान वळवून पाहत होत्या. बटण सैल झालेले दिसले की दोरा ओवून घट्ट करत होत्या. त्या घरातली बाहुली टाक्यांवर कमी आणि वहिनींच्या नजरेवर जास्त टिकून होती. बाहुली विकली गेली तेव्हा चिंध्या गेल्या, कापूस गेला, बटणे गेली. वहिनींची नजर घरीच राहिली. आणि मी चिठ्ठीवर लिहून बसले होते की ती बरोबर येते आहे.

वहिनींचे यजमान चाकणच्या एका कारखान्यात माल तपासण्याच्या खात्यात आहेत. दादा स्वभावाने अबोल. ते बटण त्यांनी उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, "आमच्याकडे एक बोल्ट जरा कमी भरला तर लाल पेटीत जातो. तो कुठल्या गाडीला लागणार, ती गाडी कोण चालवणार, आम्हांला ठाऊक नसतं. ठाऊक नसतं म्हणूनच तपासतो."

इतकी वर्षे या कारखान्यांच्या गावात राहून मला हे सुचले नव्हते. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. पुढे मोटारींचे आणि स्कूटरींचे कारखाने आले आणि ती रांग चाकणपर्यंत गेली. आम्ही घरातल्या बायका या सगळ्याकडे भोंगे, पाळ्या आणि पगार म्हणूनच पाहत आलो. मोजमाप, कसोटी, लाल पेटी हे सारे कोरडे, यंत्राचे; आणि माया ती आमच्या स्वयंपाकघरात, अशी मनाने वाटणी करून टाकली होती. पण इंजेक्शनच्या औषधाची खेप तपासणारा माणूस तरी कोणाचा विचार करतो? ज्याचे नाव, गाव, रूप त्याला कधी कळणार नाही अशा कोणाचा तरी. आपले मूल डोळ्यांसमोर असते, म्हणून त्याच्यासाठी नजर पुरते. परक्याचे मूल डोळ्यांआड असते; त्याच्या वाट्याला आपली माया पोहोचवायची तर मोजमापाशिवाय दुसरी वाट मला दिसत नाही.

कोणी म्हणेल, गरीब बाईच्या शिवणकामाला कारखान्याचे नियम लावाल तर ती बिचारी बसेल. हे म्हणणे खरे आहे. १ जानेवारी २०२१ पासून आपल्या देशात चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोची खूण सक्तीची झाली. मात्र हस्तशिल्प विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांनी बनवून विकलेली खेळणी त्यातून वगळली आहेत. हे योग्यच झाले. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी फळे आणि खेळणी रंगवणाऱ्याने प्रत्येक नमुना प्रयोगशाळेत कुठून पाठवावा? वहिनींनीही कारागीर म्हणून नोंदणी केली होती. कायद्याने त्यांना सूट दिली होती. पण कायदा सूट देतो म्हणून बाळाचा घसा रुंद होत नाही. सूट मिळते ती खर्चापासून. काळजीची जबाबदारी उलट सगळीच आपल्यावर येते, कारण आता दुसरे कोणी तपासणार नसते.

घरगुतीपणा आणि शिस्त यांचे वैर आहे असेही नाही. १९५९ साली मुंबईत गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला. पापड बायकाच आपापल्या घरी लाटतात. पण पीठ शाखेतून मळून मिळते आणि लाटलेले पापड परत आणले की ते पाहून-पारखून घेतले जातात. एवढ्याने त्या पापडाचा घरगुतीपणा कमी झाल्याचे मी ऐकलेले नाही.

दादांनी वाचून काढले की तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्याचा सुटा तुकडा ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या एका ठरावीक नळीत मावता कामा नये. त्यांनी तेवढ्या तोंडाची नळी कापून आणली. वहिनींनी बटण त्यात टाकले, ते टपकन तळाशी गेले. मग एक शब्द न बोलता त्यांनी कात्री घेतली आणि चाळीस बाहुल्यांचे ऐंशी डोळे उसवले. चार रात्री आम्ही दोघींनी काळ्या दोऱ्याने डोळे भरले. भरलेले डोळे बटणासारखे चमकत नाहीत हे मान्य करायला हवे. गणपतीत थोड्या कमीच बाहुल्या खपल्या.

राहिल्या त्या आधीच्या सत्तावीस. वहिनी पर्स खांद्याला लावून घरोघर गेल्या, "चूक झाली, डोळे बदलून देते," म्हणाल्या. एकीने तोंडावर सुनावले, दुसरीने चहा केला. बावीस बाहुल्या परत हाती लागल्या. पाच जत्रेत गेल्या होत्या. घेणाऱ्यांची नावे आम्ही लिहून ठेवली नव्हती. विकताना आपण गिऱ्हाईक मोजतो, पण त्यामागे एक मूल आहे, ते दुकानात येत नाही, घासाघीस करत नाही, तक्रार करायला त्याला अजून बोलताही येत नाही, याची नोंद आमच्या वहीत नव्हती. आता वहीत एक रकाना वाढवला आहे.

चिठ्ठीवरची माझी ओळ मी खोडली आहे. यंदा तिथे लिहिले आहे, 'डोळे दोऱ्याने भरलेले आहेत. ओढून पाहा.' ओळीत काही लालित्य नाही. परंतु परवा एका आजींनी ती वाचली, डोळा खरोखरच चिमटीत धरून ओढला आणि नातीसाठी बाहुली घेतली, तेव्हा मला माझ्या कोणत्याही कादंबरीच्या स्तुतीपेक्षा अधिक बरे वाटले.

तरी त्या पाच बाहुल्या मनातून जात नाहीत. म्हणून वाचकहो, फराळाचे हात धुऊन झाले की एवढे करा. घरात हिरव्या नऊवारीतली, काळ्या बटणांच्या डोळ्यांची कापडी बाहुली असेल, तर मुलाच्या हाती परत देण्याआधी ती बटणे कापून काढा. आणि ती नसली, दुसरेच काही खेळणे असले, तरी एकदा ओढून पाहा.