पिसं उपटणारा राघू आणि गुन्हा कुणाचा?

पिंजऱ्यातला राघू कधीकधी स्वतःचीच पिसं उपटायला लागतो. आधी छातीवरची, मग पंखाखालची, मग मांड्यांवरची. कातडी उघडी पडते, लाल होते, कधी रक्त येतं. डोकं मात्र हिरवंगार राहतं. कारण साधं आहे. स्वतःची चोच स्वतःच्या डोक्यापर्यंत पोचत नाही. वरती नटलेलं डोकं आणि खाली सोललेलं अंग. पाहुणा येतो, बघतो, हसतो. घरवाला म्हणतो, 'खुळं झालंय ते. जातच तसली त्याची.'

मला बोलायचंय ते या शेवटच्या वाक्याबद्दल.

आधी एक गैरसमज काढून टाकू. पिसं गळणं वेगळं आणि उपटणं वेगळं. सगळ्याच पाखरांची पिसं ठरल्या वेळी गळतात, नवी येतात. त्यात अंग उघडं पडत नाही. डोक्यावरचीही पिसं गेली असतील तर दुसरं पाखरू उपटतंय किंवा काही रोग आहे असं समजावं. पण डोकं शाबूत आणि छाती उघडी असेल तर ते काम त्याच्याच चोचीचं.

आता विचारा, रानातला राघू असं करतो का? ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर गोफण घेऊन उभं राहणाऱ्या कुठल्याही पोराला विचारा. तो सांगेल, राघूला एक घटका उसंत नसते. थव्यानं यायचं, कणसं फोडायची, ओरडायचं, भांडायचं, उडायचं. दुपारी झाडावर बसून एकमेकांची मान खाजवायची. दिवसाचा मोठा भाग दाणा शोधण्यात आणि फोडण्यात जातो. त्याची चोच त्या कामासाठी आहे. त्याचं डोकंही त्या कामासाठी आहे.

पिंजऱ्यात काय आहे? वाटीत भिजवलेली डाळ आणि एक हिरवी मिरची. पाच-दहा मिनिटांत जेवण खलास. मग उरलेला दिवस काय करायचं? चोच आहे, काम नाही. आवाज आहे, जातभाई नाही. पंख आहेत, आणि हातभर जागा. कुरतडायला समोर एकच गोष्ट उरते, ती म्हणजे आपलं स्वतःचं अंग.

हे मी मनाचं सांगत नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी २००३ साली ॲमेझॉन जातीच्या कोवळ्या पोपटांवर केलेलं काम छापलं. काही पोपट रिकाम्या पिंजऱ्यात, वाटीतल्या खाण्यावर ठेवले. काहींना खाणं शोधून, फोडून, खटपट करून मिळेल अशी सोय केली, चढायला-कुरतडायला वस्तू दिल्या. दाणापाणी दोघांनाही मिळत होतं. रिकाम्या पिंजऱ्यातल्यांची पिसं खराब झाली, दुसऱ्यांची चांगली राहिली. पुढे त्या पहिल्यांनाही तीच सोय दिली, तर त्यांचीही पिसं सुधारली. जात तीच होती, पिंजरा बदलला. आता 'जातच तसली' म्हणणाऱ्यानं यावर काय बोलायचं ते बोलावं.

कारणं आणखीही आहेत. पिसवा, किडे, कातडीचा रोग, काळजाचा आजार, नुसत्या दाण्यावर पोसल्यामुळे होणारी जीवनसत्त्व 'अ' ची तूट. म्हणून पहिलं काम जनावरांच्या डॉक्टरकडे नेणं. अंगाला तिखट, कडू काही फासणं हा इलाज नाही, ती शिक्षा आहे. ओरडण्यानंही काही होत नाही. आणि आपल्या सोलापूरची काही खास कारणं आहेत ती आपणच ओळखायला हवीत. पत्र्याचं घर, मे महिना, पारा चाळीसच्या वर, आणि पिंजरा पत्र्याखाली टांगलेला. शेजारी यंत्रमागाची खटखट. एका खोलीत दहा माणसं, मध्यरात्रीपर्यंत दिवा, पाखराला मात्र दहा-बारा तास अंधाराची झोप लागते. विडी वळून वळून हाताला तंबाखू बसलेली, त्याच हातानं दाणा आणि त्याच हातानं कुरवाळणं. तंबाखूचा अंश पाखराच्या कातडीला झोंबतो, खाज सुटते. यात विडी वळणाऱ्या बाईचा काय दोष? तिचीच छाती त्या तंबाखूनं भरलेली. पण ही कारणं दिसायला हवीत. दिसली नाहीत की दोष फिरून राघूच्या जातीवर जातो.

हेच ते वाक्य. माणसांच्या बाबतीत ते कायद्याच्या पुस्तकात लिहिलेलं होतं. १८७१ साली इंग्रज सरकारनं गुन्हेगार जमातींचा कायदा केला. कुणी काय केलं हे बघायचं नाही, कुणाच्या पोटी जन्मला ते बघायचं. जन्मला की वहीत नाव. आमच्या सोलापुरात तर तारेचं कुंपण घातलेली वसाहत उभी राहिली. तिला लोक आजही 'सेटलमेंट' म्हणतात. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय बाहेर जायचं नाही, गिरणीत राबायचं आणि परत तारेच्या आत यायचं. अशा कोंडवाड्यात एखादा दारू प्याला, बायकोला मारलं, भावाच्या डोक्यात दगड घातला, तर बाहेर उभा असलेला साहेब काय म्हणणार? 'बघा, रक्तातच आहे.' सोललेली छाती त्याला दिसते, तार दिसत नाही. कारण तार त्यानंच घातलेली असते.

कुणी म्हणेल, माणसाला राघूच्या पंगतीला बसवता काय? राग बरोबर आहे. आपल्याला जनावराच्याही खाली बसवलं होतं. महाडच्या तळ्यावर गुरंढोरं पाणी पीत होती आणि आपल्याला मनाई होती. त्यासाठी १९२७ साली बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला. ज्या वाड्यात राघूला पेरू मिळत होता आणि देवाचं नाव शिकवलं जात होतं, त्या वाड्याच्या दारात आपली सावली चालत नव्हती. म्हणून मी माणूस आणि राघू तोलतच नाही. मी तोलतो ती बाहेर उभ्या असलेल्याची नजर. आधी कोंडायचं, मग कोंडल्यामुळे जे होतं त्याला स्वभाव म्हणायचं, आणि त्या स्वभावाचं कारण सांगून आणखी कोंडायचं. ही एकच युक्ती आहे. ती पाखरावर चालली तर आपण हसतो, म्हणून ती माणसावरही चालते.

आता दुसरा प्रश्न. तो जास्त अवघड आहे. राघू पाळतो कोण? नुसते वाडेवाले पाळत नाहीत. चाळीत, झोपडपट्टीत, आपल्या वस्तीतही पिंजरा टांगलेला असतो. दिवसभर मुकादमाच्या शिव्या खाऊन आलेला माणूस घरी येतो आणि राघूला म्हणतो, 'बोल मिठू.' मिठू बोलतो. या जगात एक तरी जीव आहे जो आपल्या हुकमात आहे. प्रेमही असतं त्यात, मी नाही म्हणत नाही. पण बाबासाहेबांनी जातीव्यवस्थेचं मर्म सांगितलं ते हेच, की ही विषमता पायऱ्या-पायऱ्यांची आहे. प्रत्येकाच्या डोक्यावर कुणीतरी असतो, आणि पायाखाली कुणीतरी हवा असतो. खाली माणूस मिळाला नाही तर बायको असते, पोर असतं. तेही हाताबाहेर गेलं तर पिंजरा असतो. ज्याला तार ठाऊक आहे त्यानं तरी शेवटच्या पायरीवर उभं राहून तार विणू नये. 'आधी माणसाचं बघा, मग पाखराचं' असं म्हणणाऱ्याला मी एवढंच विचारतो, पिंजरा न विकत घेतल्यानं कुठल्या माणसाचा हक्क कमी होतो? करुणा म्हणजे रेशनचं धान्य नव्हे, की एकाला दिलं म्हणून दुसऱ्याचं कमी पडावं.

मग लगेच कुणीतरी उठतो आणि म्हणतो, दार उघडा, उडवून द्या. टाळ्या पडतात. पण ज्याचे पंख सोलले गेलेत तो कुठवर उडेल? कावळा आहे, घार आहे, मांजर आहे. दाणा कुठं मिळतो हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. शिवाय एकाच जागचं पीस पुन्हापुन्हा उपटलं तर त्याचं मूळच मरतं. मग पिंजरा सोन्याचा करा नाहीतर मोडून टाका, तिथं पीस उगवत नाही. काही जखमा कारण गेल्यावरही राहतात. आणि जुनी सवय लागलेला पोपट चांगल्या जागी ठेवला तरी काही काळ उपटत राहतो. तेव्हा 'आता काय कमी आहे तुला?' असं विचारणं हा दुसरा अन्याय.

गुन्हेगार जमातींचा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला. लोक विमुक्त झाले. हातात काय दिलं? जमीन नाही, घर नाही. वर १९५९ साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. तार गेली, पोलिसाची वही राहिली. चोरी कुठंही झाली तरी पहाटे दार त्यांचंच वाजायचं. आणि शहाणे लोक म्हणायचे, 'मोकळं सोडलं तरी सुधारत नाहीत.' दार उघडणाऱ्याचं काम दार उघडून संपत नाही, ते तिथून सुरू होतं. कोंडलं त्यानं हिशेब द्यायचा, कोंडला गेला त्यानं नव्हे.

राघूपुरतं बोलायचं तर मार्ग स्पष्ट आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपल्या रानातले पोपट पकडणं, विकणं, पाळणं गुन्हा आहे. बाजारातलं पिल्लू ढोलीतून ओढून काढलेलं असतं, ते घेऊ नका. घरात असेल तर उडवून मोकळे होऊ नका, वनखात्याला कळवा. तोवर त्याला मोठी जागा द्या, अंघोळीला पाणी द्या, रात्री अंधार द्या. पेरू वाटीत टाकू नका, फांदीला टांगा, शेंग सोलून देऊ नका. चोचीला काम द्या.

पण वाचणाऱ्या भावा, बहिणी, राघू नसलेल्या घरातही ते वाक्य असतं. शाळेत न रमणाऱ्या पोराबद्दल, गप्प झालेल्या सुनेबद्दल, पलीकडच्या पालातल्या माणसाबद्दल. 'जातच तसली.' पुढच्या वेळी ते तोंडात आलं की थांबायचं, आणि तार कुठं आहे ते शोधायचं. कधीकधी तिचं एक टोक आपल्याच हातात सापडेल.