दुःखाचा स्वीकार आणि स्वधर्म

सुख हवे आणि दुःख नको, ही प्राणिमात्राची स्वाभाविक वृत्ती आहे. परंतु जीवनाचे असे दोन वाटे करून एक घरात ठेवावा व दुसरा उंबऱ्याबाहेर टाकावा, हे आजवर कोणालाही साधलेले नाही. गीतेला तर हे वाटेच मान्य नाहीत. दहाव्या अध्यायात भगवंतांनी आपल्या विभूती सांगताना कीर्ती व वाणी यांच्याबरोबर मृत्यूचीही गणना केली आहे. अकराव्या अध्यायात जे विश्वरूप प्रकट झाले त्यात जसे दिव्य अलंकार आहेत, तशाच कराल दाढाही आहेत. सर्वत्र एकच वासुदेव भरला आहे असे म्हणणाऱ्याला आपल्या अंतःकरणात दुःखालाही जागा द्यावी लागते. येथपर्यंत विवाद नाही. खरा प्रश्न यानंतर उभा राहतो. दुःख स्वीकारले म्हणजे काय केले? आणि कोणाचे दुःख स्वीकारायचे, स्वतःचे की दुसऱ्याचे?

आधुनिक काळात समग्र स्वीकाराचा उद्घोष ज्यांनी मोठ्याने केला, त्यांच्यात आचार्य रजनीश हे एक ठळक नाव होय. त्यांचे महाविद्यालयीन शिक्षण जबलपूर येथे झाले आणि तेथेच 1966 पर्यंत ते तत्त्वज्ञानाचे अध्यापन करीत होते. पुढे 1970 साली मनाली येथे श्रीकृष्णावर दिलेल्या प्रवचनमालेत त्यांनी असे प्रतिपादन केले की, श्रीकृष्णाने जीवनाचे कोणतेही अंग नाकारले नाही. राग, रंग, प्रेम आणि युद्ध या सर्वांचा त्याने स्वीकार केला. त्यांच्या इतर मतांविषयी व आचरणाविषयी तीव्र मतभेद झाले, ते येथे प्रस्तुत नाहीत. मात्र केवळ निषेधालाच धर्म समजणाऱ्या शुष्क वृत्तीला या विचाराने धक्का दिला, हे मान्य करावे लागते. तथापि श्रीकृष्णाने सर्व स्वीकारले एवढे सांगून गीता पूर्ण होत नाही. ज्याने सर्व स्वीकारले त्यानेच अर्जुनाला उठवले, आणि गीतेचे रहस्य या उठवण्यात आहे.

पहिला अध्याय हा वस्तुतः अस्वीकाराचा अध्याय आहे. समोर पितामह आहेत, गुरू आहेत, आप्त आहेत; अर्जुनाला ही परिस्थितीच नको आहे. तो भिक्षा मागून राहण्यास तयार होतो. त्याचे बोलणे वैराग्याचे भासते, पण मूळ विषादात आहे. दुसऱ्या अध्यायात भगवंत त्याला प्रथम सहन करण्याचा उपदेश करतात. शीत व उष्ण, सुख व दुःख ही इंद्रियांच्या विषयांशी होणाऱ्या संयोगातून येतात व जातात, यास्तव ती सोसावीत. आता पुढे काय येते ते साधकाने लक्षपूर्वक पाहावे. या श्लोकानंतर चौथ्याच श्लोकात युद्धाची आज्ञा आहे. सोसण्याचा उपदेश ज्याला केला त्यालाच, आणि त्याच ओघात, उभे राहण्याचाही उपदेश केला. तेव्हा गीतेतील स्वीकार म्हणजे हात जोडून बसणे असा अर्थ करणाऱ्याने चार श्लोकही पुढे वाचले नाहीत, असेच म्हणावे लागेल.

सोसण्याला शास्त्रात तितिक्षा म्हणतात. हा शब्द ‘तिज्’ या धातूपासून झाला आहे. धातुपाठात या धातूचा अर्थ धार लावणे असा दिला असून, क्षमा किंवा सहन करणे या अर्थी त्याला ‘सन्’ प्रत्यय लागून तितिक्षा हे रूप सिद्ध होते. तेज, तीक्ष्ण, तिग्म हे शब्दही याच कुळातले आहेत. नर्मदेच्या पात्रातील पाषाण प्रवाहाचे आघात सोसून गुळगुळीत होतो आणि बाणलिंग म्हणून पूजिला जातो, हा दृष्टांत कीर्तनांतून ऐकू येतो. तो सुंदर आहे, पण दृष्टांत एकदेशीच असतो. पाषाण सोसतो, कारण त्याला दुसरे काही करता येत नाही. मनुष्याची तितिक्षा अशी जड नव्हे. सहाणेवर घासल्याने शस्त्राची धार वाढते, त्याप्रमाणे दुःखाच्या घर्षणाने ज्याची बुद्धी बोथट न होता अधिक स्वच्छ होते, त्याला तितिक्षू म्हणावे.

स्वच्छ बुद्धीचे पहिले लक्षण म्हणजे वस्तुस्थिती जशी आहे तशी पाहणे. येथे जबलपूरचेच उदाहरण घेणे उपयुक्त ठरेल. हे नगर नर्मदेच्या खोऱ्यात वसले आहे, आणि या खोऱ्याच्या पोटात पृथ्वीच्या कवचातील प्राचीन भेगांचा पट्टा आहे. 22 मे 1997 रोजी पहाटे, लोक निद्रेत असताना, येथे 5.8 तीव्रतेचा भूकंप झाला. चाळीसच्या आसपास माणसे मृत्यू पावली आणि हजारो घरांची हानी झाली. मदनमहालच्या टेकडीवर एक प्रचंड शिळा दुसऱ्या शिळेवर अगदी थोड्या आधाराने तोललेली आहे. ती मात्र ढळली नाही. लोक आजही तिच्याकडे नवलाने पाहतात. शिळा राहिली आणि घरे पडली, यातून केवळ दैवाची लीला एवढाच अर्थ काढणारा मनुष्य श्रद्धावान दिसेल, पण त्याने काहीच स्वीकारलेले नसते. ही भूमी हलते, हे सत्य ज्याने खरोखर स्वीकारले, तो पुढचे घर भूमी हलेल असे समजून बांधील. त्यापूर्वी 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी व आसपासच्या गावांत जो संहार झाला, त्यात दगडमातीच्या जाड भिंती व त्यांवरील मातीची जड धाबी झोपलेल्या माणसांवर कोसळली होती. भूकंप टाळणे मनुष्याच्या हाती नाही. भिंत कशी बांधावी हे त्याच्या हाती आहे. जे हाती नाही त्याचा स्वीकार आणि जे हाती आहे त्याचा आग्रह, या दोहोंना मिळून गीता कर्मयोग म्हणते.

आता याहून नाजूक प्रश्न येतो. अशा आपत्तीत ज्या मातेचे मूल ढिगाऱ्याखाली गेले, तिला शेजारणीने जाऊन सांगावे काय, की बाई, हे तुझे प्रारब्ध होते, ते शांतपणे स्वीकार? शब्दांत कदाचित खोट नसेल, पण ते त्या मुखातून निघू नयेत. गीता ज्याला सांगितली तो अर्जुन शिष्य म्हणून शरण आला होता. त्याने श्रेयस्कर काय ते विचारले होते. न विचारता, आणि स्वतः सुरक्षित अंगणात उभे राहून, दुसऱ्याला स्वीकाराचा पाठ देणे हा गीतेचा दुरुपयोग होय. असा उपदेश बहुधा करुणेतून येत नाही. दुसऱ्याचे रडणे आपल्याला सहन होत नाही म्हणून तो येतो. म्हणजे तितिक्षेचा अभाव बोलणाऱ्यातच असतो.

येथे शंका येईल की, स्वतःच्या दुःखाला एक माप आणि दुसऱ्याच्या दुःखाला दुसरे, हा समत्वाचा भंग नव्हे काय? याचे समाधान सहाव्या अध्यायात आहे. तेथे दुःखाच्या संयोगाचा वियोग म्हणजे योग, अशी योगाची व्याख्या केली आहे. आणि त्याच अध्यायात पुढे, जो दुसऱ्याचे सुखदुःख स्वतःच्या उपमेने जाणतो त्याला परमयोगी ठरवले आहे. बाराव्या अध्यायात भक्ताची लक्षणे सुरू होतात, तेथे तर करुणा आणि सुखदुःखांतील समत्व ही दोन्ही एकाच श्लोकात शेजारी ठेवली आहेत. समत्वाने करुणा आटत असती तर भगवंतांनी त्यांना असे जवळ बसवले नसते. वास्तविक ती परस्परांची साहाय्यक आहेत. जो स्वतःच्या दुःखाने गांगरून जात नाही, त्याचेच हात दुसऱ्याच्या दुःखासाठी मोकळे असतात.

दुसरी शंका शास्त्राभ्यासी करतील. विवेकचूडामणीत तितिक्षेचे लक्षण सांगताना प्रतीकाराचा विचार न करता, चिंता व विलाप टाकून दुःखे सोसावीत असे म्हटले आहे. मग औषधोपचारही सोडावेत काय? तेथे अधिकारी कोण हे प्रथम पाहिले पाहिजे. तो उपदेश साधनचतुष्टय संपादन करणाऱ्या मुमुक्षूला आहे आणि त्याच्या स्वतःच्या दुःखापुरता आहे. रोगी मुलाच्या बापाला किंवा गावाच्या पुढाऱ्याला तो लावता येत नाही. गृहस्थासाठी गीतेने मार्ग स्पष्ट केला आहे. आहारविहार युक्त असावा असे सहाव्या अध्यायात म्हटले आहे, आणि शरीराला व्यर्थ कष्टविणाऱ्यांचा सतराव्या अध्यायात निषेध केला आहे. औषध घ्यावे, वैद्याकडे जावे, न्याय मिळत नसेल तर तो मागावा. स्वीकाराचा विरोध उपायाशी नसून विलापाशी आहे.

विदर्भातील श्रीगुलाबराव महाराजांचे चरित्र या दृष्टीने मननीय आहे. त्यांचा जन्म 1881 साली अमरावती जिल्ह्यात झाला. अवघ्या नऊ महिन्यांच्या वयात, डोळ्यांत चुकीचे औषध पडल्याने, त्यांची दृष्टी गेली. 1915 साली पुणे येथे त्यांनी देह ठेवला, तेव्हा त्यांचे वय चौतीस वर्षांचे होते. एवढ्या अल्प आयुष्यात, दुसऱ्यांकडून ग्रंथ वाचून घेऊन व रचना दुसऱ्यांकडून लिहवून घेऊन, त्यांनी शंभराहून अधिक ग्रंथ निर्माण केले. लोकांनी त्यांना प्रज्ञाचक्षू म्हटले. महाराजांनी अंधत्व स्वीकारले, अज्ञान स्वीकारले नाही. गेलेली दृष्टी परत येणार नव्हती, तिच्यासाठी आयुष्य शोकात घालवले नाही. आणि विद्या मिळू शकत होती, तिच्यासाठी इतरांच्या डोळ्यांची मदत घेण्यात संकोच केला नाही. स्वीकार आणि पुरुषार्थ यांचा इतका शुद्ध विवेक विरळाच.

साधकाने हा विवेक नित्य जीवनात पुढीलप्रमाणे उतरवावा. पहिले, दुःख आले असता ते दुःख आहे असे मनाशी सरळ मान्य करावे. ज्ञानाच्या भाषेत त्याला झाकू नये. दुसरे, ज्याला उपाय आहे त्याचा उपाय पूर्ण निष्ठेने करावा व फल ईश्वरावर सोपवावे. तिसरे, ज्याला उपाय नाही ते, देवळात पुजाऱ्याने हातावर ठेवलेला प्रसाद निवड न करता घेतो तसे घ्यावे. हे एका दिवसात साधत नाही म्हणून खचू नये. विश्वरूपाच्या दर्शनाने अर्जुनही थरथरला आणि त्याने सौम्य रूपाची याचना केली. भगवंत त्याच्यावर रागावले नाहीत, त्यांनी ते रूप दाखवले. चौथे, दुसऱ्याच्या दुःखापाशी जाताना प्रथम पाणी, अन्न व आपली सोबत न्यावी. उपदेश त्याने विचारला तरच द्यावा.

जबलपूरच्या ग्वारीघाटावरून, भेडाघाटाच्या धुवांधार प्रपाताजवळून नर्मदेचे परिक्रमावासी जातात. परिक्रमेचा नियम असा की, मैया सदैव उजव्या हाताला ठेवावी आणि पात्र ओलांडून वाट तोडू नये. काटे असोत, चढ असो, उपास घडो, जो किनारा येईल तो पूर्ण चालावा. परिक्रमावासी हे सर्व मैयाची इच्छा म्हणून घेतो. परंतु तीरावरचा गृहस्थ त्याला, बाबा, भूक हीसुद्धा मैयाची इच्छा आहे, असे सांगून पुढे पाठवीत नाही. तो त्याला थांबवतो आणि आपल्या घरातली भाकरी वाढतो. चालणाऱ्याने भूक स्वीकारावी आणि घरात असणाऱ्याने त्याला भुकेला राहू देऊ नये, या दोहोंनी मिळून ती परिक्रमा घडते.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥