पेशींचा मांडव



पडवळाच्या वेलीला आपण मांडव घालतो. वेल स्वतःच्या बळावर वाढते. पण कुठे चढायचे ते मांडव दाखवतो. आज शास्त्रज्ञ हृदयाच्या मूळ पेशींसाठी, म्हणजेच स्टेम सेलसाठी, असाच मांडव उभारत आहेत.

हृदयविकाराच्या झटक्यात मेलेला स्नायू सहसा पुन्हा उगवत नाही. तिथे व्रण राहतो. म्हणून हा खटाटोप. २००८ साली मिनेसोटा विद्यापीठात डॉ. डोरिस टेलर आणि सहकाऱ्यांनी मेलेल्या उंदराच्या हृदयातील पेशी साबणासारख्या द्रावाने धुऊन काढल्या. उरलेल्या सांगाड्यात नवजात उंदरांच्या हृदयपेशी सोडल्या. काही दिवसांतच ते हृदय हलके ठोके देऊ लागले. माणसासाठी असे अख्खे हृदय अजून तयार झालेले नाही. पण आशा खरी आहे.

प्रश्न मांडवाचा नाही, त्यावर चढवायच्या पेशींचा आहे. त्या आणायच्या कुठून? १९९८ साली मानवी भ्रूणातून मूळ पेशी प्रथम वेगळ्या केल्या गेल्या. त्यात भ्रूण नष्ट होतो. ख्रिस्तसभेला हे मान्य नाही. मात्र प्रौढ माणसाच्या शरीरातून किंवा जन्मानंतर नाळेच्या रक्तातून पेशी घेण्यास तिची हरकत नाही.

कुणी म्हणेल, “घरातला कर्ता माणूस मरणाच्या दारात असताना भ्रूणाचा विचार कोण करील?” ही वेदना आपण हलकी लेखू नये. पण ज्या तराजूत आज भ्रूण हलका ठरतो, त्याच तराजूत उद्या अंथरुणाला खिळलेला म्हाताराही हलका ठरेल. रुग्णाचा जीव अमोल आहे असे आपण ज्या आधारावर म्हणतो, तोच आधार भ्रूणालाही आहे.

बंधन म्हणजे अडवणूकच असे नाही. जपानचे शिन्या यामानाका यांनी २००६ साली उंदराच्या आणि २००७ साली माणसाच्या त्वचेतील पेशींना मूळ पेशींसारखे रूप दिले. २०१२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या संशोधनालाही भ्रूणपेशींच्या अभ्यासाची पार्श्वभूमी होती, हे आपण प्रामाणिकपणे मान्य करू. तरीही त्यामुळे भ्रूण नष्ट न करता पुढे जाण्याची वाट खुली झाली.

उद्या आपल्या माणसासाठी असा उपचार कुणी सुचवला, तर खर्च विचारण्याआधी दोन प्रश्न विचारू या: हा उपचार खरोखर सिद्ध झाला आहे का? आणि या पेशी कुणाच्या?