गणित आणि इन्साफ

गणित ही विश्वाची भाषा आहे, असे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. अलीकडे हा विचार माहितीपटांतून घराघरांत पोहोचला आहे. बीबीसीच्या २००८ मधील ‘द स्टोरी ऑफ मॅथ्स’ या चार भागांच्या मालिकेत मार्कस दु सोतॉय हे गणितज्ञ आपल्याला इजिप्तपासून आजच्या विद्यापीठांपर्यंत फिरवून आणतात. ‘द ग्रेट मॅथ मिस्ट्री’ हा २०१५ मधील अमेरिकन माहितीपट तर सरळ तत्त्वज्ञानाचा प्रश्न विचारतो. गणित माणसाला सापडले की माणसाने ते बनवले? आम्हा उर्दू माध्यमाच्या शिक्षकांच्या भाषेत, ही दरयाफ्त आहे की ईजाद?

प्रश्न पोकळ नाही. १८४६ साली फ्रान्सच्या ल व्हेरिए यांनी युरेनसच्या चालीतील थोड्याशा फरकावरून, केवळ कागदावर आकडेमोड करून, एक न पाहिलेला ग्रह आकाशात कुठे असावा हे सांगितले. बर्लिनच्या वेधशाळेत गॅले यांनी दुर्बीण तिकडे वळवली, आणि सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला. डोक्यातले आकडे आणि आकाशातला ग्रह यांचा असा मेळ का बसावा? भौतिकशास्त्रज्ञ युजीन विग्नर यांना १९६० साली या सामर्थ्याचे नवल वाटले होते. ते नवल अजून संपलेले नाही.

पण ‘गणित जगाचा उलगडा करते’ असे म्हणताना जग म्हणजे केवळ ग्रह, लाटा आणि शंखशिंपले एवढेच आपल्या डोळ्यांपुढे असते. माणसामाणसांतले देणेघेणेही जगातच येते. तिथे गणित काय करते?

या प्रश्नासाठी आपल्याला दूर जावे लागत नाही. नवव्या शतकात बगदादमध्ये, खलिफा मामूनच्या काळात, अल-ख्वारिज्मी यांनी ज्या ग्रंथातून ‘अल्जिब्रा’ हा शब्द जगाला दिला, त्याचा मोठा भाग वारसाहक्क आणि मृत्युपत्रे यांच्या हिशेबांनी भरलेला आहे. ‘जब्र’ म्हटले की आज आपल्याला जुलूमजबरदस्ती आठवते. पण या शब्दाचा एक जुना अर्थ मोडलेले हाड सांधणे असाही आहे. बीजगणित नुसत्या कुतूहलासाठी नव्हे, तर वाटणीचा तंटा सोडवण्यासाठीही वापरले जात होते.

इल्म-ए-फराईजमधले एक प्रसिद्ध उदाहरण घेऊ. एक स्त्री वारली. मागे पती आणि दोन सख्ख्या बहिणी. मुले नाहीत, आईवडील नाहीत. पतीचा हिस्सा अर्धा, दोन्ही बहिणींचा मिळून दोन तृतीयांश. बेरीज करा: सहापैकी तीन आणि सहापैकी चार, म्हणजे सहापैकी सात! मिळकत एकच, हिस्से तिच्याहून मोठे. गणिताने आपले काम चोख केले. पेच आहे, हे त्याने दाखवून दिले. पण पुढे काय करावे, हे त्याला सांगता येत नाही.

असा पेच हजरत उमर (रजि.) यांच्या काळात समोर आल्याचे फिकहच्या परंपरेत सांगितले जाते. तोडगा निघाला तो ‘औल’चा: सहाऐवजी सात भाग करा, पतीला तीन, बहिणींना चार. सात लाखांची मिळकत असेल तर पतीला तीन लाख, प्रत्येक बहिणीला दोन लाख. तूट सर्वांनी आपापल्या प्रमाणात सोसायची. हजरत इब्न अब्बास (रजि.) यांना हे मान्य नव्हते, आणि शिया फिकहही औल मानत नाही. आकडे दोन्हीकडे तेच. मतभेद आहे तो न्याय कशाला म्हणावे याचा. ग्रहाची जागा गणित ठरवू शकते. तूट कोणी सोसावी, हे माणसालाच ठरवावे लागते आणि त्याचा जबाबही माणसालाच द्यावा लागतो.

मग गणिताचा नीतीशी काहीच संबंध नाही का? आहे, आणि तो आपल्या घरापर्यंत येऊन पोहोचतो. तीन भाऊ, दोन बहिणी, दुसरा वारस नाही. आठ भाग, प्रत्येक भावाला दोन, प्रत्येक बहिणीला एक. हे दोनास एक प्रमाण आजच्या काळात न्याय्य आहे का, यावर आपल्या समाजात मतभेद आहेत आणि ती चर्चा व्हायलाच हवी. पण तो एक भाग तरी बहिणीच्या हाती पडतो का? कितीतरी घरांत तिच्यापुढे हक्कसोडपत्र ठेवले जाते. माहेर तुटू नये म्हणून ती सही करते, आणि आपण त्याला तिची खुशी म्हणतो. नमाजरोज्याच्या बाबतीत काटेकोर असलेली माणसे इथे मोघम बोलू लागतात: ‘आमच्यात हिशेब नसतो.’

गणिताची खरी नैतिक ताकद इथे दिसते. ते इन्साफ करत नाही, पण मोघमपणा शिल्लक ठेवत नाही. आठातला एक म्हणजे किती, हे पाचवीतले पोरही काढून दाखवते. मग ‘माहीत नव्हते’ असे म्हणायला कोणाला तोंड उरत नाही.

असे माहितीपट मुलांना जरूर दाखवावेत. ख्वारिज्मींचे नाव आले की त्यांची छाती फुलते. ती फुलू द्यावी. मात्र त्याच आठवड्यात फळ्यावर वारसाहक्काचे एक उदाहरण मांडावे आणि वर्गातल्या मुलींना ते सोडवायला सांगावे. आपला हिस्सा त्यांना स्वतःला काढता आला पाहिजे. तो मागायचा की सोडायचा, हे त्या पुढे ठरवतील. पण सही करताना आकडा त्यांना ठाऊक असेल.